आधी चहा, मग छायाचित्र

इ.स. १३२५ च्या जून महिन्यात एकवीस वर्षांचा एक तरुण मोरोक्कोच्या उत्तर टोकावरील टँजियर या आपल्या गावाहून एकटाच मक्केच्या यात्रेस निघाला. आईवडील हयात होते. सोबती मात्र कोणी नव्हता. स्वदेशाचे दर्शन त्याला पुन्हा घडले ते चोवीस वर्षांनी, आणि तोवर आईवडील दोघेही निवर्तले होते. हा तरुण म्हणजे इब्न बतूता. भटकत भटकत तो दिल्लीस पोहोचला, महंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला, पुढे दौलताबाद पाहून नंदुरबारला आला. तेथील मराठी माणसे भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्वच्छ होतात, मद्य घेत नाहीत, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. तेथून तो आमच्या गुजरातेतील खंबायतेस गेला. ही सारी हकीकत त्याने सुलतानाच्या आज्ञेवरून फेझ शहरी एका लेखनिकाला सांगितली आणि १३५५ मध्ये तो ग्रंथ पुरा झाला.

आमच्या वडोदऱ्याच्या सोळा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघी शिक्षिका मोरोक्कोच्या प्रवासास निघालो, तेव्हा मुलांना मी एवढेच सांगितले होते, ‘‘सातशे वर्षांपूर्वी तिकडचा एक विद्यार्थी आपल्याकडे येऊन, काय खाता, कसे राहता, हे विचारून गेला. आपण त्याची परतभेट करायला चाललो आहोत.’’ दिवाळी नुकतीच झाली होती. प्रत्येकाच्या पिशवीत आईने बांधून दिलेला चिवडा आणि शंकरपाळे होते. परतभेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आमच्या घरांतून कोणाला शिकवावे लागत नाही.

कॅसाब्लांका, रबात, मेक्नेस, फेझ, अ‍ॅटलास पर्वत ओलांडून वाळवंट आणि परतताना मराकेश, असा बारा दिवसांचा आमचा बेत होता. पहिल्या तीन दिवसांत आम्ही जे पाहिले ते कोणत्याही सहलीत पाहतात तेच. रबातमध्ये हसनचा मनोरा पाहिला. याकूब अल-मन्सूर या राजाच्या मृत्यूमुळे ११९९ मध्ये त्याचे बांधकाम थांबले, ते कायमचेच. आज तो सुमारे चव्वेचाळीस मीटर उंचीवर अपुरा उभा आहे. मेक्नेसजवळ व्होल्युबिलिस हे रोमन नगर पाहिले. भग्न कमानींवर करकोच्यांची घरटी, जमिनीवर रंगीत दगडांची चित्रे आणि घरोघरी ऑलिव्हचे तेल काढण्याचे घाणे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना त्या चित्रांपेक्षा घाण्यांनीच अधिक बोलते केले. बाहेर टेकड्यांवर ऑलिव्हची तोडणी चालू होती. दोन हजार वर्षांत तेथला धंदा बदललेला नव्हता.

फेझमध्ये मात्र आमच्या सहलीला वेगळे वळण लागले.

फेझची जुनी वस्ती ही गल्ल्यांची एक गुंतवळ आहे. मोटार तेथे शिरूच शकत नाही. गाढवांच्या पाठीवरून माल जातो आणि मागून ‘‘बालाक! बालाक!’’ अशी हाळी आली की भिंतीला चिकटून उभे राहायचे. सकाळी फळकुटांवर कणकेचे गोळे घेऊन मुले धावताना दिसली. घरी मळलेली कणीक गल्लीतल्या सामाईक भट्टीवर भाजून आणण्याची तेथे जुनी रीत आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आधी नानकटाईचे पीठ घेऊन भट्टीवर रांग लागते, ती साऱ्यांनाच आठवली.

या शहराची घडणच मुळी परगावच्या माणसांनी केलेली. नवव्या शतकात नदीच्या एका तीरावर स्पेनमधील कॉर्दोबाहून हाकलली गेलेली कुटुंबे वसली, दुसऱ्या तीरावर ट्युनिशियातील कैरवानहून आलेली. कैरवानच्या अशाच एका घरातील फातिमा अल-फिहरी या स्त्रीने वारशाचा पैसा खर्चून ८५९ मध्ये अल-करवीयीन मशीद उभारली, अशी परंपरा सांगते. तिच्याभोवती वाढलेले विद्यापीठ आजही चालू आहे. परमुलखात स्थिरावलेल्या माणसांनी आधी काय उभारले, तर पाठशाळा. हे ऐकून आमच्यापैकी कोणाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. गायकवाडांच्या राज्यात आलेल्या मराठी कुटुंबांचीच ती नातवंडे-पणतवंडे होती.

त्याच दुपारी आम्ही चामडी कमावण्याचा अड्डा पाहण्यास गेलो. भोवतालच्या दुकानांच्या गच्चीवरून तो पाहायचा असतो. वर चढताना दुकानदार प्रत्येकाच्या हाती पुदिन्याची डहाळी देतो. ती नाकाशी धरावी. खाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दगडी कुंडे. काहींत चुना आणि कबुतरांची विष्ठा कालवलेले पांढरे पाणी, काहींत रंग. मांड्यांपर्यंत त्यात उभे राहून माणसे कातडी तुडवत होती. आमच्या मुलांनी भराभर छायाचित्रे काढली. एवढ्यात खालच्या एका कामगाराने मान वर केली आणि हाताने चेहरा झाकला. तो रागावला नव्हता. रोजचीच सवय असावी, इतक्या सहजपणे त्याने ते केले.

त्या रात्री जेवणानंतर आमच्यातील एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, आपण नाकाशी पुदिना धरून त्यांचे फोटो काढले. आपल्या घराच्या गच्चीवर चढून कोणी आपले असे काढले, तर?’’ एकाने उत्तर दिले, ‘‘आपण आलो म्हणून तर त्यांचे चामडे विकले जाते.’’ दुसरा म्हणाला, ‘‘विकणारा दुकानदार वर होता. खाली उभा असलेल्याला त्यातले किती मिळते, हे आपण विचारले का?’’ वाद बराच रंगला. माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि तसे मी सांगितलेही. सहलीची आखणी मीच केली होती. त्या गच्चीची जागा माझ्याच कागदावर लिहिलेली होती. अखेरीस मुलांनीच आपसांत एक नियम केला : ज्याच्याबरोबर बसून चहा घेतला नाही, त्याचे छायाचित्र काढायचे नाही.

मोरोक्कोत हा नियम पाळणे सोपे आहे, कारण चहा नाकारणेच तेथे अवघड. चिनी हिरवा चहा, मूठभर ताजा पुदिना आणि आमच्या जिभेलाही अंमळ जास्तच वाटेल इतकी साखर. किटली उंच धरून लहान काचेच्या पेल्यांत धार सोडतात, त्याने चहावर फेस धरतो. बोली समजत नसली तरी ‘हिशोब’ आणि ‘किताब’ यांची भावंडे कानी पडत, आणि आमच्या मराठीत अरबी शब्द किती मुरले आहेत, याचा नवाच उलगडा होई. शाकाहाऱ्यांचेही हाल झाले नाहीत. शंकूच्या आकाराच्या झाकणाखाली मंद आचेवर शिजलेल्या भाज्या, शुक्रवारचा कुसकुस आणि जाड भाकरीसारखा पाव यांवर सारे तृप्त असत.

फेझ सोडून देवदारांची वने ओलांडली की झीझ नदीचे खोरे लागते, आणि मग वाळवंट. वाळवंट म्हणजे वाळू, ही आपली समजूत. प्रत्यक्षात सहाराचा फार तर चौथा भाग वाळूचा. उरलेला दगडगोट्यांचा माळ. त्या माळावर एके ठिकाणी वारुळांसारखे मातीचे उंचवटे ओळीने दूरवर गेलेले दिसले. ते होते खेत्तारांचे तोंड. डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बोगद्याने केवळ उताराच्या बळावर शेतापर्यंत आणायचे आणि गावकऱ्यांनी ते पाळीपाळीने वाटून घ्यायचे, अशी ही योजना. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा किंवा छत्रपती संभाजीनगरातील मलिक अंबरची नहर ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ती तत्काळ ओळखीची वाटेल. बहुतेक खेत्तारा आज कोरड्या आहेत. १९७१ मध्ये झीझ नदीवर धरण झाले आणि विहिरींवर पंप बसले; पाणी खोल गेले. बोगदा साफ ठेवण्यासाठी साऱ्या गावाला एकत्र यावे लागे. पंप ज्याचा त्याचा असतो. आमचा वाटाड्या हे सांगत होता, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण तो बराच वेळ त्या कोरड्या तोंडात वाकून पाहत राहिला.

मेर्झूगाच्या टेकड्या सुमारे दीडशे मीटर उंचीच्या. सूर्यास्ताच्या वेळी त्या तांबूस होतात, हे पुस्तकांत वाचलेले खरेच निघाले. रात्री तंबूंच्या मुक्कामी ढोलकी वाजवून पाहुण्यांना नाचवण्याचा कार्यक्रम झाला. तो आम्हाला फारसा रुचला नाही. दुसऱ्या दिवशी जवळच्या खमलिया गावी मात्र आम्ही निराळे संगीत ऐकले. सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज तेथे राहतात. लोखंडी झांजांच्या ठेक्यावरील त्यांच्या ग्नावा संगीताला युनेस्कोने २०१९ मध्ये मानवजातीच्या वारशात स्थान दिले. त्या झांजांचा नाद गुलामांच्या बेड्यांची आठवण देतो, असे म्हणतात. ते कळल्यावर आमची मुले टाळ्या वाजवायची थांबली आणि नुसती ऐकत राहिली.

परतीच्या वाटेवर आइत बेन हद्दू हे मातीच्या घरांचे तटबंद गाव लागले. १९८७ पासून ते जागतिक वारशात आहे आणि अनेक चित्रपटांत दिसले आहे. आता तेथे मोजकीच कुटुंबे राहतात. बाकीची नदीपलीकडे नव्या घरांत गेली. सुंदर गाव पाहायचे, पण राहायचे वीज-पाण्याच्या घरात, यात त्यांचे काय चुकले?

शेवटचे दोन दिवस मराकेशच्या दक्षिणेस, अ‍ॅटलासच्या एका खेड्यात होते. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने हा सारा प्रदेश हादरला. सुमारे तीन हजार माणसे गेली. दगडमातीची घरे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. ज्या घरी आम्हा सहाजणींची सोय झाली, त्याची एक भिंत नवी होती. घरातील आजी अमाझिग बोलत. अरबी त्यांना जेमतेम कळे. चौदा वर्षांची नात शहराकडच्या ‘दार तालिबा’त, म्हणजे विद्यार्थिनींच्या वसतिगृहात राहून शिकत होती व सुटीला आली होती. गावात प्राथमिक शाळेपुढे शिक्षण नाही. अशी वसतिगृहे नसती तर डोंगरातील पुष्कळ मुली तेथेच थांबल्या असत्या. आम्ही फ्रेंचमध्ये बोलायचे, नातीने आजींना सांगायचे, असा संवाद चालला. आजींनी शंकरपाळा चाखला, हसल्या, आणि चार शंकरपाळे पदराच्या टोकाला बांधून ठेवले.

मग नातीने वही आणली. अमाझिग भाषेची तिफिनाग लिपी मोरोक्कोच्या शाळांसाठी २००३ मध्ये स्वीकारली गेली आणि २०११ च्या राज्यघटनेने त्या भाषेला राजभाषेचा मान दिला. आजींना ती लिपी वाचता येत नाही. नातीने शाळेत ती गिरवलेली. तिने आजींचे नाव त्या लिपीत लिहिले आणि वही आमच्या त्या गच्चीवाल्या मुलीपुढे सरकवली, ‘‘आता तू तुझ्या आजीला लिहितेस तसे लिही.’’ आमची मुलगी क्षणभर थांबली. घरी ती मराठी उत्तम बोलते. आजीशी रोज फोनवर बोलते. परंतु लिहिते ती इंग्रजी अक्षरांत, भ्रमणध्वनीवर. तिने सावकाश ‘आजी’ एवढेच लिहिले. नातीने त्या अक्षरांवरील रेघेवरून बोट फिरवले आणि विचारले, ‘‘ही कशासाठी?’’ तिला उत्तर देता आले नाही. मलाही चटकन देता आले नाही.

निघताना आजी स्वतःच दाराशी उभ्या राहिल्या, नातीला जवळ घेतले आणि छायाचित्रासाठी खूण केली. त्या घरात आम्ही चार वेळा चहा घेतला होता.

पुन्हा अशी सहल नेण्याचा योग आला, तर मी दोन शहरे वगळीन आणि ते दिवस खेड्यास देईन. शिकवण्याच्या भरात मी पाहण्याची यादी फार लांब केली होती. वडोदऱ्यास परतल्यावर त्या मुलीने सहलीची टिपणे मला आणून दिली. सात पाने होती, देवनागरीत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. मी लाल पेन काढले, आणि वरच ‘ती. आजीस’ असा मायना दिसताच ते पुन्हा ठेवून दिले. ती पाने मला तपासायला दिलेली नव्हती.