सण कधी अचानक येत नाही

पाडवा झाला, गुढी उतरली. आता घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हं. मी शनिवार पेठेतल्या आमच्या महिला बचत गटाची समन्वयक. आज आपण सणावारांच्या देण्याघेण्याबद्दल बोलणार आहोत. वही-पेन घ्या आणि भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा.

आधी आमच्या गटातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांनीच सांगायला सांगितलीय, नाव मात्र घेऊ नको म्हणाल्या. 2023 साली अधिक श्रावण आला. लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, जावयाचं पहिलंच धोंड्याचं वाण. काकूंनी ओळखीतल्या एकाकडून 15,000 रुपये घेतले, महिना शेकडा पाच रुपये व्याजाने. चांदीचं ताट आणि कपडे झाले. मुद्दल फेडायला अकरा महिने लागले, तोवर दरमहा 750 रुपये नुसतं व्याज गेलं. म्हणजे 8,250 रुपये. ताट लेकीच्या कपाटात आहे. ती म्हणते, "आई, मला विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं."

काकू म्हणायच्या, "सण अंगावर आला गं अचानक." मला ते पटलं नाही. दवाखाना अचानक येतो. सण वर्षभर आधी छापलेला असतो.

फक्त तो दर वर्षी त्याच तारखेला येत नाही, हे लक्षात ठेवायचं. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती 14 किंवा 15 जानेवारीलाच येते. बाकीचे बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे सण दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतात. हा फरक साठत जातो आणि साधारण तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा धरला जातो. तोच अधिक मास. मग सण पुन्हा पुढे ढकलले जातात.

याचा पैशाशी काय संबंध? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण हळदीकुंकू करतो. 2024 मध्ये रथसप्तमी 16 फेब्रुवारीला होती, महिना मिळाला. यंदा ती 25 जानेवारीलाच आली, जेमतेम अकरा दिवस मिळाले. वाणाची खरेदी आधी झाली नसेल त्यांची धावपळ झाली. दिवाळीचं उलट. मागची भाऊबीज 23 ऑक्टोबरला झाली, यंदाची 11 नोव्हेंबरला आहे. कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून.

आता वहीत यादी करू. आपल्याकडे 'भेट' हा एकच शब्द नाही, प्रत्येक देण्याला वेगळं नाव आहे. बायकांनी बायकांना द्यायचं ते वाण. लेकीची, नणंदेची भरायची ती ओटी. लग्नाकार्यात आहेर. ओवाळलं की ताटात पडते ती ओवाळणी. ही ओवाळणी आपल्याकडे येते, पण ती हिशेबात धरायची नाही. भावाचं यंदा कसं चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. आली तर आनंद, तिच्या भरवशावर खर्च नको.

गटातल्या एकीची यादी नमुन्याला सांगते. संक्रांतीची तीस वाणं, चाळीस रुपयांप्रमाणे 1,200. उन्हाळ्यातल्या लग्नांचे आहेर 2,000. राखीपौर्णिमेला माहेरी जाताना राखी, मिठाई आणि भाच्यांचा खाऊ, 600. गौरी-गणपतीत लेकीची साडी आणि ओटी, 1,800. दिवाळीत भावाला शर्टपीस, भाच्यांना कपडे, सगळं धरून 4,000. बेरीज 9,600. बारा महिन्यांनी भागलं की महिना 800. दसऱ्याचा रकाना रिकामा, कारण आपट्याची पानं देऊन 'सोनं' म्हणायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवलीय.

आम्ही याला 'सणाची पेटी' म्हणतो. गटाच्या बचतीत हे पैसे मिसळत नाही. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही गटाची पंचसूत्री आहे, तिला धक्का लावायचा नाही. पेटीचं रजिस्टर वेगळं, रोजच्या बैठकीच्या दिवशीच हप्ता आणि सणाच्या पंधरा दिवस आधी वाटप. सुरुवात भाऊबीजेनंतर करणं सोयीचं, कारण मोठा खर्च नुकताच संपलेला असतो आणि पुढचा, वाणाचा, लहान असतो.

पण आजच सुरू करायचं असेल तरी चालेल. मार्च ते ऑक्टोबर आठ हप्ते होतात. महिना 800 म्हणजे 6,400. राखी 28 ऑगस्टला, गणपती 14 सप्टेंबरला आणि मग दिवाळी, हे तिन्ही खर्च त्यात बसतात.

"आम्हाला 800 कुठून जमणार?" असं कुणी म्हणेल. मग 200 टाका. वर्षाचे 2,400 होतील आणि यादी 2,400 चीच करायची. पैशाच्या मापाने यादी कापायची, यादीच्या मापाने कर्ज काढायचं नाही. एकटीने कापली की लोक काय म्हणतील असं वाटतं, म्हणून आम्ही बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं, वाण चाळीसच्या वर नाही. पंधराजणींची खरेदी एकदम केली की तुळशीबागेत डझनाचा भाव मिळतो. आणि वाणं मोजताना गटातल्या सगळ्या जणी मोजतो. ज्यांचे मिस्टर नाहीत त्यांनासुद्धा तिळगूळ आणि वाण.

राहिला धोंडा. तो तेहतीस महिन्यांनी येतो आणि परंपरेने तेहतीस अनारसे द्यायचे असतात. तेव्हा महिना फक्त 100 बाजूला टाकले तर वेळेला 3,300 हातात असतात. यानंतरचा अधिक मास मार्च 2029 मध्ये, अधिक चैत्र. यंदा ज्यांनी साठवलं नाही त्यांनी घरी तांदूळ भिजवावेत, अनारसे करावेत, एक दिवा ठेवावा. वाण पूर्ण होतं. चांदी त्यात सक्तीची नाही.

काकूंनी 2024 च्या दिवाळीनंतर पेटीत शंभर-शंभर टाकायला सुरुवात केली. मेपर्यंत 1,900 होतील. अनारशाचं पीठ घरचं, जावयाला एक शर्ट आणि लेकीला खण, एवढंच ठरलंय. परवा बैठकीत त्यांनी विचारलं, "कमी नाही ना गं दिसणार?" आम्ही पंधराजणी एकदम म्हणालो, "नाही दिसणार."

तुमच्याही गटात हे एकदा बोलून बघा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा आहेराच्या जुन्या वह्या कशा वाचायच्या ते सांगेन. नमस्कार.