दोन फाशांचं आयुष्य

१९७७ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेत एक खेळ विक्रीला आला. काळी पेटी, तिच्यावर आडवी लाल रेघ, आणि एरवी जिथे चित्र असतं तिथे चार-दोन ओळींचा मजकूर. बेओवुल्फ नावाच्या मालवाहू अंतराळयानावर हल्ला झालाय आणि जो कुणी ऐकत असेल त्याच्याकडे ते मदत मागतंय, एवढाच त्याचा आशय. यान कसं दिसतं, हल्ला कुणी केला, पुढे काय झालं, यातलं काहीही सांगितलेलं नाही. दुकानात पेटी हातात घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यात ती हाक तशीच अर्धवट राहायची, आणि तो पेटी घेऊन घरी जायचा.

खेळाचं नाव ‘ट्रॅव्हलर’. आत तीन काळ्या पुस्तिका, प्रत्येकी पन्नासहून कमी पानांच्या. पहिली माणसांची, दुसरी यानांची, तिसरी जगांची. सोबत सोंगट्या नाहीत, पट नाही. हा रोल-प्लेइंग गेम होता. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राच्या तोंडून बोलतो, एक जण पंच होतो आणि समोरचं जग वर्णन करतो. जिथे निकाल नशिबावर सोडायचा तिथे फासे टाकतात. या प्रकारातला पहिला मोठा खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, तो १९७४ मध्ये आला होता. जादूगार, तलवारी, भुयारं, राक्षस असा सगळा मामला. अंतराळावरचे एक-दोन खेळही ‘ट्रॅव्हलर’च्या आधी येऊन गेले होते. पण लोकांनी जीव लावला तो ‘ट्रॅव्हलर’ला, आणि तो का, हे मला या लेखात सांगायचं आहे.

खेळ रचला मार्क मिलर यांनी. प्रकाशक होती इलिनॉय राज्यातली गेम डिझायनर्स वर्कशॉप ही छोटी कंपनी. मिलर, फ्रँक चॅडविक, लॉरेन वाइजमन अशा युद्धखेळांच्या वेडाने एकत्र आलेल्या मंडळींची ती कंपनी, आणि गावाचं नाव नॉर्मल. तिथे शिक्षक घडवणारं नॉर्मल स्कूल होतं म्हणून गावाला ते नाव पडलं. (आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत अध्यापनाच्या शाळांना नॉर्मल स्कूलच म्हणत.) मिलर स्वतः अमेरिकी सैन्यात अधिकारी होते, व्हिएतनामला जाऊन आले होते. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण त्यांच्या खेळातली माणसं विशीतली होतकरू पोरं नाहीत. ती नोकरी करून आलेली माणसं आहेत.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ झळकला होता. थिएटरातून बाहेर पडलेल्या मुलांना अंतराळात जायचंच होतं, आणि दोन महिन्यांत ही काळी पेटी त्यांच्यासमोर आली. पेटीत मात्र निराळंच अंतराळ निघालं.

पहिल्या पुस्तिकेत पात्र तयार करायची रीत दिली आहे. दोन साधे फासे घ्यायचे, सापशिडीतले असतात तसे, सहा बाजूंचे. सहा वेळा टाकायचे. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि समाजातलं स्थान. पडेल ते दान आपलं. मग वय वर्षं अठरा आणि समोर सहा वाटा: नौदल, मरीन, लष्कर, स्काउट म्हणजे अज्ञात जगांची पाहणी करणारं खातं, व्यापारी यानं, आणि सहावी नुसतीच ‘इतर’. भरतीसाठी फासे टाकायचे. घेतलं नाही तर सक्तीची भरती ठरलेली, आणि ती कुठल्या खात्यात होईल हे पुन्हा एक फासा सांगणार. नोकरी चार-चार वर्षांच्या मुदतींची. प्रत्येक मुदतीत चार गोष्टी पाहायच्या. जगला का, अधिकारी झाला का, बढती मिळाली का, काय शिकला.

हे लिहिताना मी घरातल्या लुडोचे दोन फासे घेऊन बसलो आहे. पहिलं पात्र काढलं. ताकद सहा, चपळाई आठ, दम सात, बुद्धी नऊ, शिक्षण पाच, समाजातलं स्थान चार. हुशार, पण गरिबाघरचा आणि फारसा न शिकलेला. असा मुलगा गाव सोडून पळणार, म्हणून त्याला स्काउटमध्ये धाडला. भरतीला सात हवेत, बुद्धीसाठी एक वाढीव मिळतो. आठ पडले, घेतला. खात्यात शिरताच यान चालवायला शिकला. पहिल्या मुदतीत जगण्यासाठी सात हवेत, बरोब्बर सात पडले. निर्वात पोकळीतला पोशाख वापरायला शिकला, यंत्रांची दुरुस्ती शिकला. दुसऱ्या मुदतीत नऊ. आता त्याला मार्ग आखता येतो, वेळ पडली तर कुठलंही काम रेटून नेता येतं. वय सव्वीस. तिसऱ्या मुदतीला फासे टाकले आणि पडले तीन.

मेला. खेळ सुरू व्हायच्या आधीच. नाव द्यायचंही राहून गेलं होतं.

‘ट्रॅव्हलर’ची ही सगळ्यात प्रसिद्ध खोड: इथे पात्र तयार होता होताच मरू शकतं. नव्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पण हिशेब करून पाहा. दोन फाशांची छत्तीस दानं, त्यांत सात किंवा त्याहून जास्त देणारी एकवीस. म्हणजे साधारण दमाच्या स्काउटला दर मुदतीत छत्तीसातली पंधरा दानं मरणाची. दोन मुदती पार करणारे शंभरात चौतीसच. दम नऊ किंवा त्याहून जास्त असेल तरच मरणाची दानं सहावर येतात. नौदलात किंवा व्यापारी यानांवर धोका बराच कमी. तरी मुलं स्काउटकडे धावायची, कारण त्यातून निवृत्त होणाऱ्याला नशीब असेल तर शंभर टनांचं एक छोटं यान वापरायला मिळायचं. एक मुदत आणखी काढावी, की आहे ते घेऊन बाहेर पडावं? आणखी चार वर्षं राहिलं तर आणखी कसब, कदाचित यान, काही खात्यांत पाच मुदती भरल्या तर पेन्शनसुद्धा. पण चौतिशीपासून म्हातारपणाचे फासे सुरू होतात, आणि ताकद, चपळाई, दम एकेक पायरी उतरायला लागतात.

त्या काळच्या खेळाडूंच्या आठवणींत एक गोष्ट फिरून फिरून येते. जोडीला कुणी नसायचं. आडगावात राहणारा एकटा मुलगा, पावसाळी रविवार, होस्टेलची खोली. आणि तो पात्रामागून पात्र तयार करत बसलेला. एकट्याने खेळणं ही या खेळाची रीतसर मान्य केलेली पद्धत आहे, पुस्तिकेतच तसं दिलं आहे. फासे फक्त सांगाडा देतात. चार वर्षांत लाच देण्याचं कसब कसं आलं? खोटी कागदपत्रं करायला कुणी शिकवलं? ‘इतर’ या वाटेवरच्या माणसांना जुगार, मारामारी, लाच, बनावट सह्या असलीच कसबं मिळतात, पण तो माणूस नेमका काय धंदा करत होता ते पुस्तिका सांगत नाही. ते फासे टाकणाऱ्याने ठरवायचं. आणि एकदा का त्याने ठरवलं, की ते पात्र त्याचं झालं. प्रेम जडलं ते या ठरवण्यात, असं माझं ठाम मत आहे. ज्याचं आयुष्य आपण चार-चार वर्षांनी जगवत आणलं, त्याला आपण सहजासहजी विसरत नाही. मेलेल्यांनाही नाही.

तिसऱ्या पुस्तिकेत हीच जादू ग्रहांवर केली आहे. पात्राच्या जागी जग. पुन्हा दोन फासे, आणि एक ओळभर अक्षरं-आकडे. या खेळातला प्रसिद्ध ग्रह रेजिना घ्या. त्याची जुनी ओळ ए-७८८८९९-ए अशी. पहिलं ए म्हणजे अव्वल दर्जाचं यानतळ. सात म्हणजे व्यास सुमारे सात हजार मैल (पृथ्वी असती तर आठ). पुढचं आठ दाट हवेचं, त्यापुढचं आठ म्हणजे ऐंशी टक्के पाणी, त्यापुढचं म्हणजे लोकसंख्या दहा कोटींच्या घरात. मग नऊ म्हणजे बिनचेहऱ्याची नोकरशाही. शेवटचं नऊ म्हणजे कायदा इतका कडक की घराबाहेर कसलंही हत्यार बाळगता येत नाही. आणि अखेरचं ए म्हणजे तंत्रज्ञानाची पातळी दहा. कुंडली मांडावी तशी ही ओळ. सवय झाली की वाचणाऱ्याला एका नजरेत तिथला बंदरातला गोंधळ, कचेरीतली रांग, झडती घेणारा शिपाई दिसायला लागतो. आठ बाय दहाच्या षटकोनी घरांचा नकाशा असा भरायला एक-दोन संध्याकाळी पुरतात, आणि मग आपल्या वहीत आपली स्वतःची ताऱ्यांची वस्ती असते.

१९७७च्या पुस्तिकांत तयार विश्व नव्हतंच. अकरा हजार जगांचं ‘तिसरं साम्राज्य’ पुढे १९७९च्या सुमाराला पुरवण्यांतून आकाराला आलं. विल्यम कीथ आणि अँड्र्यू कीथ या भावांनी त्यात भरपूर रंग भरले.

आता दुसरी पुस्तिका. तिच्यात यानं आहेत, आणि यानांची कर्जं. दोनशे टनांचं ‘फ्री ट्रेडर’ यान ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिटचं. वीस टक्के रोख भरायचे, बाकीचा हप्ता महिन्याला १ लाख ५४ हजार ५००. असे ४८० हप्ते, चाळीस वर्षं. शेवटी यान मूळ किमतीच्या जवळपास सव्वादोन पटीला येऊन पडतं. मालखोली ८२ टनांची, मालाचं भाडं टनाला हजार. ऐषारामी प्रवाशाचं तिकीट दहा हजार, गोठवून झोपवून नेलेल्याचं एक हजार. खलाशांचे पगार, हवा-पाणी-जेवण, इंधन, तळाचं भाडं वेगळं. दोन आठवड्यांत एक खेप, म्हणजे महिन्याला दोन. मालखोली भरली तर ठीक, अर्धी राहिली तर हप्ता चुकणार. हप्ता चुकवून पळालेलं यान बँकेची माणसं शोधत येणार.

ज्याने घराचा हप्ता भरला आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पंचाने साहसासाठी कारण शोधायचीही गरज उरत नाही. महिन्याची अखेर जवळ आली की खेळाडू आपणहून नको तो माल उचलतात, पाच हजार जास्त देणाऱ्या आणि काहीच न सांगणाऱ्या प्रवाशाला खोली देतात. शुद्ध इंधन टनाला पाचशे. ते वाचवायचं तर गुरूसारख्या वायुग्रहाच्या वातावरणात यान घालून फुकट इंधन ओढून घ्यायचं, मात्र ते अशुद्ध, त्यावर झेप चुकून भलत्याच ताऱ्यापाशी पोचण्याचा धोका. गोठवून नेलेल्या प्रवाशांतले काही पुन्हा उठतच नाहीत. ही कल्पना इंग्लिश लेखक ई. सी. टब यांच्या ड्युमरेस्टच्या कथांवरून आली. त्यावर एक लॉटरीही नियमांत आहे: शेवटी किती जण जिवंत उठतील याचा प्रत्येक झोपणाऱ्याने आधी अंदाज करायचा. ज्याचा बरोबर, त्याला पैसे. तोच उठला नाही तर पैसे कप्तानाचे. असा एक नियम वाचला की मला त्या यानाचा वास येतो, तळघरातला गारवा जाणवतो.

आणि एक नियम असा, ज्यावर सगळं विश्व उभं आहे. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर झेप घ्यायला एक आठवडा लागतो, अंतर कमी असो की जास्त. आणि यानापेक्षा वेगाने संदेश जात नाही. ताऱ्या-ताऱ्यांमध्ये रेडिओ नाही, तार नाही. युद्ध सुरू झालं तर राजधानीला ते महिनोन्महिने कळत नाही. पानिपतावरची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचायला दिवस लागले, आणि ती कळली ती सावकारी टपालातल्या सांकेतिक पत्रातून, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. ‘ट्रॅव्हलर’मधला प्रत्येक कप्तान तसा त्या पत्रवाहकाच्या जागी असतो. कुणाला काय माहीत आहे आणि कुणाला अजून कळलेलं नाही, यावर अख्खी मोहीम उभी राहते. शिडाच्या जहाजांचा काळ उचलून ताऱ्यांमध्ये ठेवलाय, आणि तो ठेवताना एवढा एकच नियम पुरला.

पुढच्या आवृत्त्या आल्या, १९९६ मध्ये गेम डिझायनर्स वर्कशॉप बंद पडली, २००८ मध्ये इंग्लंडच्या माँगूस कंपनीने खेळ नव्याने काढला. त्या आवृत्तीत पात्र सहसा मरत नाही, अपघात होऊन नोकरीतून बाहेर पडतं, आणि दोन खेळाडूंची पात्रं आधीपासून एकमेकांना ओळखत असतील तर त्याचा दोघांनाही फायदा मिळतो. ती सुधारणा चांगली आहे, टेबलाभोवतीची माणसं लवकर जुळतात. तरी माझा जीव जुन्या काळ्या पुस्तिकेतल्या त्या निष्ठुर तीनवर अडकलेला आहे.

म्हणून दुसरं पात्र काढलं. ताकद पाच, चपळाई नऊ, दम सहा, बुद्धी आठ, शिक्षण सात, समाजातलं स्थान तीन. या वेळी आधी नाव दिलं, मंदाकिनी. व्यापारी यानांवर भरती झाली. पहिल्याच मुदतीत चौथ्या क्रमांकाची अधिकारी झाली. प्रवाशांची सरबराई शिकली, वीज-यंत्रणा शिकली, तिसऱ्या मुदतीत लाच देणं शिकली. कुठल्या बंदरात शिकली ते मला आता माहीत आहे, त्या कचेरीतल्या माणसाचा चेहराही दिसतो. चौथी मुदत पार पडली, वय चौतीस. म्हातारपणाचे फासे टाकले. चपळाई टिकली, दम टिकला, ताकद पाचवरून चारवर आली. बास, आता बाहेर पडू दे तिला. वाटेखर्चाचे पैसे घेऊ दे, जमलं तर यानाचा पहिला हप्ता भरू दे.

नियम असा की नोकरी सोडायची असली तरी एकदा फासे टाकावेच लागतात. बारा पडले तर खातं सोडत नाही.

टाकले. सहा आणि सहा.