अस्सल, नक्कल आणि रुजवात

घरगुती संगणकातील ऐवजाची दुसरी प्रत करून ती वेगळ्या डिस्कवर ठेवण्याचा जो परिपाठ आज सर्वपरिचित झाला आहे, त्याच्या गेल्या तीन दशकांतील वाटचालीकडे मागे वळून पाहताना मनावर ठसते ती गोष्ट अशी की, साधने जसजशी स्वस्त आणि विपुल होत गेली, तसतशी नक्कल करण्यातील अडचण नाहीशी झाली खरी. पण ती नक्कल अस्सलाशी ताडून तिची रुजवात घेण्याचे काम मात्र मागेच राहिले.

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत संगणक आला, तेव्हा बॅकअपचे सहज मिळणारे साधन म्हणजे १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी. मोठी फाइल अनेक फ्लॉप्यांवर विभागून घ्यावी लागे, आणि संचातील एक जरी खराब निघाली तरी उरलेल्या सर्व निरुपयोगी ठरत. त्यातून कोकणातील आणि मुंबईतील पावसाळ्याची दमट हवा, जिच्यात फ्लॉपीच्या तबकडीवर बुरशी धरे. पुढे ७०० मेगाबाइटची सीडी आणि ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी आली. एकदा लिहिलेली सीडी बदलता येत नसे, हा तिचा दोष मानला गेला. माझ्या मते तो गुणच होता, कारण अनवधानाने जुन्या मजकुरावर नवा लिहिला जाण्याचे भय तेथे नव्हते.

खरे स्थित्यंतर घडले ते २००० साली यूएसबीची दुसरी आवृत्ती निघाल्यावर. सेकंदाला १२ मेगाबिटची मर्यादा ४८० वर गेली, आणि रात्रभराचे काम तासा-दीड तासावर आले. खुद्द डिस्कची धारणाशक्ती वाढण्यामागे आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ च्या सुमारास स्वतंत्रपणे लावलेला महाचुंबकीय रोधाचा (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स) शोध होता, ज्यासाठी २००७ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज खिशात मावणाऱ्या एक टेराबाइटच्या एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये सुमारे सात लाख फ्लॉप्यांचा मजकूर राहतो. त्याच २००७ च्या ऑक्टोबरात ॲपलने ‘टाइम मशीन’ आणले: गेल्या चोवीस तासांतील दर तासाची, महिन्यातील दर दिवसाची आणि त्याआधीची दर आठवड्याची प्रत, ड्राइव्ह भरेपर्यंत, आपोआप. विंडोजमध्ये तशाच धर्तीची ‘फाइल हिस्टरी’ २०१२ साली आली. माणसाच्या विस्मरणशीलतेवर इतका परिणामकारक उपाय त्यापूर्वी सामान्य घरात पोहोचलेला नव्हता.

परंतु सोयीतूनच एक गैरसावधपणा जन्मला. ड्राइव्ह कायम जोडलेला राहू लागला. आणि २०१३ मधील क्रिप्टोलॉकर व २०१७ मधील वॉनाक्राय यांसारख्या खंडणीखोर प्रोग्रॅमांनी दाखवून दिले की, जोडलेल्या ड्राइव्हवरील नक्कलही अस्सलाबरोबरच कुलूपबंद होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ज्या तळमजल्यावरील घरात संगणक आणि त्याच्या सीड्या एकाच टेबलाच्या खणात असतील, तेथे दोहोंची गती एकच झाली असणार. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम, म्हणजे एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर, मला म्हणूनच अद्यापही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

रुजवातीचे महत्त्व ज्यातून लख्ख दिसते, तो प्रसंग १९९८ चा आहे. पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने भराभर पुसल्या जाऊ लागल्या, आणि बॅकअपकडे धाव घेतली तेव्हा तोही सदोष असल्याचे आढळले. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या अधिकारी बाईंच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे यासाठी तेथे त्यांनी प्रत ठेवलेली होती.

आपल्या मराठी घरांपुढे याहून सूक्ष्म असा एक प्रश्न आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण जे लिहिले, ते श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत लिहिले, आणि त्या फायलींत देवनागरी अक्षरे नव्हेत, तर त्या त्या फाँटातील आकृत्यांचे क्रमांक साठवले गेले. परिणामी वडिलांचे आत्मवृत्त, गावच्या देवस्थानाचा इतिहास, पीएच.डी.चा प्रबंध असा ऐवज ड्राइव्हवर एका बिटाचाही फरक न होता जसाच्या तसा राहतो, आणि तरीही मूळ फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्यास रोमन अक्षरांची निरर्थक ओळ तेवढी दिसते. नक्कल निर्दोष असूनही मजकूर हरवलेला, अशी ही विलक्षण अवस्था आहे. अशा फायली युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत; मात्र जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, म्हणून परिवर्तित मजकूर मुळाशी ओळीने ओळ ताडावा लागतो, आणि त्यासाठी मूळ फाँट असलेला जुना संगणक चालू स्थितीत असला पाहिजे.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की, आपल्या ड्राइव्हवरील सर्वांत जुनी मराठी फाइल या आठवड्यातच दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आणि ती वाचता आली नाही, तर घरातील जुना संगणक भंगारात देण्याचा बेत तूर्त तहकूब ठेवावा.