शिरा हाताच्या, शिरा पायाच्या

आंजर्ल्याच्या घरी पडवीत बसून वहिनी सुपारी कातरत होत्या. अडकित्ता दाबला की मनगटापासून बोटांपर्यंत निळ्या शिरा वर येत. मी माझा हात शेजारी धरला. साठी उलटलेल्या माझ्या हातावरही तोच नकाशा! बँकेत आयुष्यभर नोटा मोजल्या, तेव्हा तो कुठे होता?

होता तिथेच. तरुणपणी त्वचा जाड असते, खाली चरबीचा थर असतो. वयाबरोबर दोन्ही विरतात आणि शिरा उघड्या पडतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना ‘नीला’ म्हणत. पण आतले रक्त निळे नसून गडद लालच असते. प्रकाशातला लाल रंग त्वचेत खोल शिरतो आणि शिरेतल्या रक्तात बराचसा शोषला जातो, म्हणून डोळ्यांना तेवढी रेघ निळसर भासते.

एक गंमत करून पाहा. हात खाली सोडा, शिरा फुगतील. शिरेवर मनगटाकडे एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने कोपराकडे निपटत न्या. मधली शीर रिकामीच राहते. आत झडपा असतात. त्या रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 साली आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले.

दुसऱ्या दिवशी कड्यावरच्या गणपतीला निघालो. गाडी वरपर्यंत जाते, पण वहिनींचा हट्ट पायऱ्यांचा. अर्ध्या वाटेत त्या मटकन बसल्या. लुगडे जरा वर सरकले. पोटरीवर दोरखंडासारख्या पिळलेल्या शिरा, घोट्याजवळ काळी पडलेली त्वचा आणि एक ओली जखम.

“वयाच्याच शिरा ह्या, भावजी. तुमच्या हातावर नाहीत का?”

नाही, वहिनी. हातावरच्या शिरा वयाच्या. पायातल्या ह्या झडपा निकामी झाल्याच्या. रक्त वर चढण्याऐवजी खाली साचते. त्याला कारण कधी आनुवंशिकता, कधी बाळंतपणे, कधी चुलीपाशी तासन्‌तास उभे राहणे. यावर घट्ट मोजे आहेत, लेसर आहे, शस्त्रक्रिया आहे. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आत गुठळी असू शकते.

आम्ही दापोलीला डॉक्टरांकडे गेलो. पट्ट्या बांधून जखम भरायला तीन महिने लागले. ती लुगड्याखाली किती वर्षे झाकलेली होती, हे वहिनींनी अजून सांगितलेले नाही. आणि घरात आम्ही कुणीही कधी विचारले नव्हते.