जलशाचे छायाचित्र

मिसिसिपीच्या कापूसशेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांनी ‘ब्लूज’ गाणे घडविले. त्यातला थोर गायक रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली वारला. त्याची छायाचित्रे बोटांवर मोजण्याइतकीच उरली. आपल्या जलशांची गत वेगळी नाही. वामनदादा कर्डकांचे (१९२२–२००४) छायाचित्र सापडते. पण साथीदारांचे काय? माझे वडील बीड जिल्ह्यात गावोगावच्या जयंतीला ढोलकी वाजवीत. घरात त्यांचा एकही फोटो नाही.

आज मैदानात प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. विद्यार्थ्यांना सांगतो : माइकआड गायकाचे तोंड झाकते, म्हणून बाजूने टिपा. लांबून फ्लॅश पोहोचत नाही; मंचाचाच उजेड घ्या. मग मागे सरका. ढोलकीवाला, कोरस, ऐकणारी वस्ती, सारे चौकटीत घ्या. प्रत्येकाचे नाव, गाव, तारीख लिहा. नावाविना चेहरा उद्या कोणाला ओळखू येणार?