टाका नाही, पण पथ्य आहे!

हृदयाचे दुखणे म्हटले की पूर्वी घरात रडारड व्हायची. आज गेवराईचा रुग्ण सोलापूर-धुळे महामार्गाने छत्रपती संभाजीनगर गाठतो. तेथे मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवतात, चोंदलेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करतात, आत स्टेंट नावाची जाळीची नळकांडी बसवतात आणि सारे सुरळीत असले तर दोन-चार दिवसांत माणूस आपल्या पायांनी घरी येतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "टाकासुद्धा नाही, चला शेतावर!" दुसरा म्हणतो, "खोकूसुद्धा नका, जाळी निसटेल!" चुकतात दोघेही.

या विद्येचा पाया एका धाडसाने घातला. 1929 साली जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत घातली. लोकांनी नाके मुरडली. पण 1956 साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे 1977 च्या सप्टेंबरात आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिचमध्ये फुग्याने हृदयाची धमनी प्रथम रुंद केली.

जाळी खोकल्याने किंवा चालण्याने निसटत नाही. ती धमनीच्या भिंतीत दाबून बसवलेली असते आणि हळूहळू तिच्यावर आतले अस्तर चढते. धोका आहे तो वेगळाच. हे अस्तर चढेपर्यंत उघड्या धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते. तशी ती धरली, की पुन्हा झटका! म्हणूनच ॲस्पिरिनच्या जोडीला रक्त न गोठू देणारी दुसरी गोळी देतात. ही जोडी बहुधा सहा महिने ते वर्षभर चालते. ॲस्पिरिन पुढेही चालूच राहते. "आता बरे वाटते" म्हणून ती बंद करू नये. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. या औषधांबरोबर ती पोटात रक्तस्राव घडवू शकते.

पहिला आठवडा जपण्याचा. ज्या हातातून नळी घातली त्या हाताने पाण्याची घागर उचलू नये. जांघेतून घातली असेल तर उकिडवे बसणे आणि जिने चढणे टाळावे. जखमेतून रक्त आले तर आडवे व्हावे, तेथे घट्ट दाबून धरावे. थांबत नसेल तर 108 ला फोन करावा. छातीत पुन्हा दुखले, दम लागला, हात किंवा पाय गार पडला, तर उजाडण्याची वाट पाहू नये. सपाट रस्त्यावर मात्र रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. तंबाखूची पुडी आणि मिश्रीची डबी कायमची घराबाहेर काढावी. फराळाच्या ताटातली एखादी चकली कोणी हिरावून घेत नाही. डबाभर मात्र नको.

आपल्या बीड जिल्ह्यापुरती एक गोष्ट निराळी सांगायला हवी. दिवाळीच्या सुमारास येथली हजारो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती पाच-सहा महिने परगावी राहतात. जाळी बसवलेल्या माणसाने उसाच्या मोळ्या डोक्यावर केव्हा घ्यायच्या, घ्यायच्या की नाही, हे मुकादमाची उचल ठरवू शकत नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. आणि घरातले इतर कोणी निघणार असतील, तर मागे राहिलेल्या रुग्णाच्या गोळ्या कोण आणणार, हे गाडी सुटण्यापूर्वी ठरले पाहिजे. रुग्ण स्वतःच बरोबर जाणार असेल, तर चिठ्ठी आणि गोळ्यांचा पुरेसा साठा पिठाच्या डब्याइतकाच आठवणीने बांधून घ्यावा.

घरातल्या बायामाणसांनी पणत्या लावताना रोज एकच विचारावे, "गोळी घेतलीत ना?" यंदाच्या दिवाळीत याहून मोलाची ओवाळणी नाही.