अमेरिकन तरुण आणि नागरिकत्वाची पाठशाळा

१९७१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत २६वी दुरुस्ती झाली आणि मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. अधिकार सर्व तरुणांना सारखा मिळाला. त्याचा वापर मात्र सारखा होत नाही. महाविद्यालयात गेलेल्या तरुणांच्या तुलनेत शालेय शिक्षणानंतर थांबलेले तरुण मतदानात मागे असतात. स्वयंसेवा व संस्थांचे सदस्यत्व ह्यांतही हीच दरी आढळते.

ह्याला कष्टकरी वर्गातील तरुणांची उदासीनता म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सभेत बोलणे, निवेदन लिहिणे, बैठक चालविणे ह्या गोष्टी सरावाने येतात. सधन मुलांना हा सराव शाळेतील उपक्रमांतून व पुढे महाविद्यालयात मिळतो. प्राध्यापक रॉबर्ट पटनम ह्यांनी २०१५ साली ‘अवर किड्स’ ह्या ग्रंथात ओहायो राज्यातील पोर्ट क्लिंटन ह्या आपल्या गावाची स्थिती मांडली. १९५०च्या दशकात तेथे कामगारांची व सधनांची मुले एकत्र वाढत होती. पुढे कारखाने बंद पडले आणि दोन्ही वर्गांची मुले जणू वेगळ्या जगांत वाढू लागली.

मग पदवी नसलेल्याने नागरिकत्व शिकावे कोठे? सिडनी व्हर्बा व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक उत्तर आहे : चर्चमध्ये. नोकरीत ज्याचे मत कोणी विचारीत नाही, तो चर्चच्या समितीत बोलायला शिकतो. मात्र कॅथलिकांना अशी संधी प्रॉटेस्टंटांपेक्षा कमी मिळते, असेही त्यांना दिसले. ही बाब आपण गांभीर्याने घ्यावयास हवी.

हे बदलता येते. १९७४ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कॅथलिकांनी आपल्या धर्मग्रामांच्या आधारे संघटना उभारली, वस्तीत शिरणाऱ्या पुराच्या पाण्याबाबत नगरपरिषदेला जाब विचारला व जलनिस्सारणाची कामे मिळविली. त्यासाठी पदवी लागली नाही.

आज मात्र, पटनम ह्यांच्या मते, गरीब घरांतील तरुणच चर्चपासून अधिक वेगाने दुरावत आहेत. त्यांच्या हातून श्रद्धेसोबत नागरिकत्वाची पाठशाळाही निसटत आहे, आणि ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांचे प्रश्नही मागे पडतात.

नागरी व राजकीय शिक्षण सर्वांना, विशेषतः तरुणांना, द्यावे असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले. धर्मग्रामाच्या बैठकीत शेवटच्या बाकावरील तरुणाला बोलते करणे, ही त्या शिकवणुकीची पहिली पायरी होय.